पाटी, खडू आणि चार वाट्या: सणांच्या दिवसांतली स्पीच थेरपी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी नुकतंच केंद्र सुरू केलेल्या तरुण स्पीच थेरपिस्टचा प्रश्न आहे. श्रावण लागला की दिवाळीपर्यंत सण संपत नाहीत आणि मुलं त्याच नादात असतात. त्याचा थेरपीत उपयोग करून घ्यावा असं वाटतं. पण दिवसाला दहा-बारा मुलं, प्रत्येकाला अर्धा तास, वयं अडीच ते दहा, अडचणी वेगवेगळ्या. प्रिंटर नाही, लॅमिनेशन नाही, रात्री बसून चित्रं कापायला वेळ नाही. काय करता येईल?

बरंच काही करता येईल. फक्त सुरुवातीलाच हस्तकला बाजूला ठेवा. सण म्हटला की आपल्याला आकाशकंदील, कागदी पणत्या, मखर सुचतं. कंदील करताना काय होतं ते घड्याळ लावून बघा: कागद दुमडणं, कापणं, चिकटवणं यात वीस मिनिटं जातात, कात्री बहुतेक वेळ आपल्याच हातात असते आणि मुलाच्या तोंडून पाच-सहा शब्द येतात. उच्चारांवर काम चालू असेल तर अर्ध्या तासात मुलाकडून लक्ष्यध्वनीचे, म्हणजे ज्या ध्वनीवर काम चालू आहे त्याचे, निदान 50 उच्चार यायला हवेत असं मी धरून चालते. मोठं, टिकून बसणारं मूल असेल तर 100. त्यामुळे कोणताही उपक्रम निवडताना मी एकच विचारते, यात मूल मिनिटाला किती वेळा बोलणार? आपल्या सणांमध्ये पुन्हा पुन्हा करायच्या क्रिया आधीपासून भरलेल्या आहेत. 21 दूर्वा, ठिपक्यांच्या ओळी, दहीहंडीचे थर, दारोदार वाटलेला तिळगूळ. त्या क्रिया उचला, वस्तू तयार करत बसू नका.

माझ्याकडे सगळ्यात जास्त चालणारा उपक्रम ठिपक्यांच्या रांगोळीचा. पाटी आणि खडू, नाहीतर जमिनीवरची फरशी, एवढंच लागतं. पाच बाय पाच म्हणजे 25 ठिपके. प्रत्येक ठिपक्याआधी मूल लक्ष्यशब्द म्हणतं आणि मगच ठिपका पडतो. ठिपके झाले की उभ्या-आडव्या रेषा जोडायच्या, त्या 40 होतात. ठिपक्याला एक शब्द, रेषेला दोन शब्द किंवा छोटं वाक्य असं ठेवलं की एका रांगोळीत 65 उच्चार होतात आणि मुलाला आपण सराव करतोय हे जाणवतही नाही. लहान मुलाला तीन बाय तीन पुरे. रांगोळीची पूड केंद्रात वापरू नका, ती नाकातोंडात जाते. हातांना स्पर्श हवा असेल तर ताटात रवा पसरा आणि बोटानं ठिपके काढू द्या.

याच रांगोळीत नोंदीचीही सोय होते. उच्चार नीट आला तर पांढरा ठिपका, अर्धवट आला तर रंगीत. मुलाच्या दृष्टीनं रांगोळी दोन्ही रंगांनी सुंदरच होते, चुकल्याची शिक्षा कुठेच दिसत नाही. तुमच्यासाठी 25 पैकी 20 पांढरे म्हणजे 80 टक्के. सत्र संपलं की फोटो काढून ठेवा. पुढच्या आठवड्याचा फोटो शेजारी ठेवून पालकांना दाखवला की ‘नुसतं खेळवता का?’ हा प्रश्न मिटतो.

दूर्वांचंही तसंच. केंद्राबाहेर दूर्वा मिळाल्या तर उत्तम, नाहीतर हिरव्या दोऱ्याचे 21 तुकडे करा. एक उच्चार, एक दूर्वा, 21 झाल्या की जुडी बांधायची. तीन जुड्या म्हणजे 63. आकडा तुम्ही ठरवलेला नसून बाप्पाचा आहे, त्यामुळे ‘अजून किती?’ ही कुरकुर फारशी होत नाही. घरी आई-आजी मोजून जुडी करतात हे मुलानं पाहिलेलं असतं.

आता शब्दांकडे. सणाचा शब्द आहे म्हणून तो घ्यायचा नाही, त्यात तुमचा ध्वनी आहे का ते बघायचं. ‘क’च्या जागी ‘त’ आणि ‘ग’च्या जागी ‘द’ म्हणणारी मुलं तुमच्याकडे असतीलच. गणपतीचा ‘दणपती’, मोदकाचा ‘मोदत’, कंदिलाचा ‘तंदील’. यांना गणपती, गौरी, गूळ, गजरा, गुलाल, कंदील, करंजी, किल्ला, चकली, मोदक असे शब्द सणांतून आपोआप मिळतात. शब्दाच्या सुरुवातीचे वेगळे, मधले वेगळे आणि शेवटचे वेगळे करून वहीच्या एका पानावर लिहून ठेवा. ते पान वर्षानुवर्षं चालतं. अर्थभेदाच्या जोड्या, म्हणजे एकाच ध्वनीनं अर्थ बदलणारे शब्द, लागल्या तर गार-दार, कार-तार, गोरी-दोरी या रोजच्या बोलण्यातल्या आहेत, चित्रं पाटीवर काढता येतात.

‘ळ’साठी तर आपले सण खजिनाच आहेत. मराठीत ‘ळ’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, मधे किंवा शेवटी येतो. पोळा, दिवाळी, होळी, रांगोळी, पुरणपोळी, ओवाळणी, नारळ, माळ, तिळगूळ. पण इथे थांबून एक गोष्ट तपासा. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. तुमच्याकडचं मूल ‘पोया’ म्हणालं आणि सोबत आलेली आजीही ‘पोया’च म्हणाली, तर तो दोष नाही, ती त्या घरची बोली आहे. कोकणपट्टीतल्या आगरी-कोळी घरांत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ ऐकू येतो, तिथेही हाच नियम. ‘मले’, ‘तुले’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मला’, ‘तुला’ शिकवण्यात थेरपीचा वेळ घालवू नका. शाळेची भाषा मूल शाळेत शिकेल. आपल्याकडे येऊन त्याला आजीची भाषा चुकीची वाटायला लागली तर आपण नुकसान केलं.

टाळू फाटलेल्या आणि शस्त्रक्रिया झालेल्या मुलांसाठी शब्द आणखी जपून निवडावे लागतात. सुरुवातीला अनुनासिक, म्हणजे न, ण, म असे नाकातून येणारे ध्वनी नसलेले शब्द घ्या: पोळी, पाट, पेढा, ताट, टाळ. पतंग आणि पणती छान वाटतात, पण त्यांत नाकातून हवा जायला वाव आहे, ते नंतर.

तुमची खरी अडचण मला वाटते ती वेगळी आहे: प्रत्येक मुलासाठी वेगळा खेळ कुठून आणायचा? आणायचाच नाही. आठवड्याला एक खेळ ठरवा आणि दिवसभर तोच चालवा, प्रत्येक मुलाचं ध्येय मात्र वेगळं ठेवा. गणपतीच्या दिवसांतला माझा खेळ आहे उंदीर आणि मोदक. स्टीलच्या चार वाट्या उलट्या ठेवायच्या, कागदाचा बोळा म्हणजे मोदक. उंदरानं तो एका वाटीखाली लपवला आहे. अडीच-तीन वर्षांचं उशिरा बोलणारं मूल आलं तर प्रत्येक वाटी उचलताना मी ‘नाही… नाही…’ म्हणते, आणि बोळा दिसला की ‘सापडला!’ दोन-तीन फेऱ्यांनंतर ‘नाही…’ म्हणून थांबते आणि मुलाकडे बघते. तिथे शब्द, खूण, नुसता आवाज, काहीही आलं तरी ते बोलणंच धरायचं. ज्याचं काम शेवटच्या ‘क’वर चालू आहे तो प्रत्येक वाटीवर टिचकी मारत ‘मोदक?’ विचारतो. ज्याला विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं हवीत तो सांगतो, ‘वाटीखाली आहे, पाटामागे आहे, माझ्या खिशात आहे.’ सात-आठ वर्षांचं मूल मला डोळे मिटायला लावतं, स्वतः लपवतं आणि मग घडलेलं सांगतं: ‘उंदरानं मोदक नेला, वाटीखाली लपवला, बाप्पाला कळलंच नाही.’ वाट्या त्याच, बोळा तोच, तयारी अर्ध्या मिनिटाची.

दिवाळीच्या आठवड्यात हाच नियम फराळाच्या ताटाला लावा. खरं खाणं नको, कागदाचे गोळे आणि पट्ट्या चालतात, लाडू-चकली मुलं मनानं करतात. मराठी व्याकरणाच्या कामासाठी याहून सोपा उपक्रम मला माहीत नाही. लिंग आणि वचन दोन्ही ताटातच असतं. मला लाडू हवा, मला चकली हवी, मला ताट हवं. मोठा लाडू, मोठी करंजी, मोठं तोरण. आणि भूतकाळ! आपल्याकडे भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: मी लाडू खाल्ला, चकली खाल्ली, पोहे खाल्ले, श्रीखंड खाल्लं. भाषाविकासात मागे असलेली मुलं इथे हमखास अडखळतात, सगळ्यालाच ‘खाल्ला’ लावतात. खोटं खोटं खात एकेक पदार्थ संपवला की एका ताटात वीसेक वाक्यं सहज होतात. चुकलं तर ‘असं नाही, असं म्हण’ असं टोकू नका. तुम्हीही एक चकली उचला आणि म्हणा, ‘मीपण चकली खाल्ली.’ योग्य रूप कानावर पडत राहिलं पाहिजे, आणि लगेच पडलं पाहिजे.

दहीहंडीला कागदी पेले पुरतात. पेल्यांचे थर लावायचे, प्रत्येक पेला ठेवताना एक शब्द, आणि शेवटी कागदाच्या चेंडूनं सगळे पाडायचे. पाडण्याआधी मुलानं ‘फोड’ म्हणायचं की ‘आता मी हंडी फोडतो’ म्हणायचं, हे त्याच्या पातळीवर. दोन-तीन मुलांचा गट असेल तर पाळी ओळखणं, थांबणं, ‘आता तुझी पाळी’ म्हणणं हे सगळं यात येतं. राखीला लोकरीचा धागा आणि मणी, एका मण्याला एक शब्द, वर ‘माझी’, ‘तुझी’, ‘तिची’.

तुमच्या भागात तान्हा पोळा आहे, त्याचा फायदा घ्या. घरातला लाकडी बैल मुलाला आणायला सांगा. शिंगं, शेपूट, पाठ, पाय, झूल, घुंगरू हे शब्द, रंगव, बांध, पुस, धू ही क्रियापदं, आणि दोन टप्प्यांच्या सूचना: ‘आधी शिंगं रंगव, मग झूल घाल.’ आपली मुलं नामं पटापट शिकतात आणि क्रियापदांत मागे राहतात, कारण चित्रांच्या तक्त्यांवर नामंच असतात. खेळण्यातला बैल धुताना क्रियापदं आपसूक येतात.

नवरात्रात भोंडल्याची खिरापत. कुठे हादगा म्हणतात, तुमच्याकडे आणि खानदेशात भुलाबाई, पण डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचा खेळ सगळीकडे ओळखीचा आहे. मोठ्या मुलांसाठी हा फार मोलाचा आहे, आणि तयारी शून्य: एक झाकणाचा डबा, आत टेबलावरची कोणतीही वस्तू. गोड की तिखट? कोरडं की ओलं? तळलेलं की भाजलेलं? कशात घालतात? प्रश्न विचारणं ही गोष्ट थेरपीत मुलांना फार कमी करायला मिळते. प्रश्न आपण विचारतो, उत्तरं ते देतात. खिरापतीत ती बाजू उलटते. सुरुवातीला मुलं थेट नावंच घ्यायला लागतात, ‘लाडू? पेढा? शेव?’ तेव्हा पाटीवर चार खुणा काढून द्या: चव, रंग, आकार, कुठे मिळतं. त्यांच्याकडे बघत मूल प्रश्न बांधायला शिकतं. शब्द आठवायला वेळ लागणाऱ्या मुलांना हेच चार धागे पुढे स्वतःचा शब्द शोधायलाही उपयोगी पडतात.

न बोलणाऱ्या किंवा अगदी कमी बोलणाऱ्या मुलांसाठी सणांच्या हाका वापरा. ‘गणपती बाप्पा…’ म्हणून थांबा. कित्येक स्वमग्न मुलं, ज्यांच्याकडून मागणीचा एक शब्द येत नाही, ती इथे ‘मोरया’ म्हणतात. हे पाठ झालेलं आहे, संवाद नव्हे, म्हणून काही थेरपिस्ट त्याकडे दुर्लक्ष करतात. मला ते पटत नाही. ती दाराची फट आहे. ‘मोरया’ म्हटल्यावर काहीतरी घडू द्या: घंटा वाजू द्या, बॅटरीची पणती लागू द्या. मग थांबायचा वेळ वाढवा, मग फक्त मुलाकडे बघून थांबा आणि सुरुवात त्याला करू द्या. सोबत पाटीवर चार चित्रं काढून ठेवा: अजून, दे, नको, संपलं. बोट ठेवलं तरी ते बोलणंच आहे. ‘नको’ हे चित्र विसरू नका, सणांच्या गोंधळात या मुलांना त्याचीच गरज जास्त पडते. ढोल, फटाके, पाहुण्यांनी भरलेलं घर हे काहींना असह्य होतं. सणाच्या दोन-तीन आठवडे आधी पाटीवर घटनाक्रम काढून रोज सांगा: पाहुणे येतील, आवाज होईल, मी कानांवर हात ठेवीन, मी आईला ‘नको’ सांगेन, आई मला आतल्या खोलीत नेईल. चार चौकोनांत काडीची माणसं काढली तरी पुरतं.

श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं बसवलेलं ऐकण्याचं उपकरण) असलेल्या मुलांचं सत्र नेहमीसारखंच आ, ई, ऊ, म, श, स या सहा ध्वनींच्या तपासणीनं सुरू करा. सणाची धामधूम आहे म्हणून ते सोडू नका, उलट याच दिवसांत सेल संपलेले आणि कानात बसणारे साचे सैल झालेले आढळतात. मग तोंड न दाखवता खिरापतीचा डबा वाजवा, किंवा मागून शब्द सांगा आणि मुलाला ताटातली वस्तू उचलू द्या. पालकांना सांगा की फटाक्यांपासून मुलाला लांब ठेवा, आणि पुढे होळीला रंग-पाण्याआधी यंत्र काढून डबीत ठेवा. यंत्र काढल्यावर मुलाला ऐकू येणार नाही, तेव्हा ‘ये’, ‘थांब’, ‘घरी चल’ या खुणा घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून घ्यायच्या.

अडखळत बोलणाऱ्या मुलांबाबत कळकळीनं सांगते. आरती सगळ्यांबरोबर म्हणताना ही मुलं अडखळत नाहीत. एकत्र म्हणताना आणि गाताना तसं होतंच, त्याला सुधारणा समजू नका आणि पालकांनाही समजू देऊ नका. नाहीतर ‘आरतीत येतं, मग बोलताना का येत नाही?’ असं ऐकवलं जातं, आणि मूल आणखी मिटतं. सणात पाहुण्यांसमोर ‘श्लोक म्हणून दाखव’, ‘काकांना नाव सांग’ हे थांबवायला सांगा. केंद्रात मात्र छोट्या छोट्या भूमिका करा: प्रसाद वाटणं, दुकानातून पणत्या घेणं, पाहुण्यांना आत बोलावणं. संक्रांतीचं ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे देवाणघेवाणीचं तयार वाक्य आहे. आधी तुमच्याशी, मग आईशी, मग बाहेर बसलेल्या दुसऱ्या पालकांशी. अडखळला तरी वाक्य त्याचं त्यालाच पूर्ण करू द्या, मधे शब्द पुरवू नका.

दोन गोष्टी मी करत नाही. पिपाण्या वाजवून घेणं, मेणबत्त्या फुंकायला लावणं, फुगे फुगवणं यांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. गणपतीत पिपाणी सहज मिळते म्हणून मोह होतो, पण तो वेळ बोलण्याला द्या. दुसरं म्हणजे खाऊ. शेंगदाणे, तीळ, लाह्या, फुटाणे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि आपल्याकडे गिळण्याची अडचण असलेली मुलंही येतात. प्रसाद द्यायचाच असेल तर पालकांच्या हातात द्या.

सगळी घरं एकसारखी नसतात, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा: तुमच्याकडे कोणते सण करतात? ज्या घरात गणपती बसत नाही त्या मुलासमोर उंदीर-मोदक कशाला? वाट्यांचा खेळ तसाच ठेवा, ईदच्या दिवसांत वाटीखाली खजूर लपवा, ताटात शेवया आणि शीरखुर्मा येऊ दे. 14 एप्रिलच्या आधी निळ्या झेंड्यांची रांग लावता येते, बुद्ध पौर्णिमेला खीर करता येते. नाताळात चांदणीचे ठिपके जोडा. गोव्याकडच्या घरांत तर करंजीसारखी नेवरी चवथीलाही होते आणि नाताळातही. परदेशातल्या मराठी मुलांची ऑनलाइन सत्रं घेत असाल तर चार वाट्या तिकडच्या स्वयंपाकघरातही असतात. इकडची आजी त्याच कॉलवर आली तर मोदक लपवायचं काम तिला द्या. उच्चार सुधारावेत म्हणून घरातलं मराठी बंद करा, असं मात्र कोणालाही सांगू नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाहीत.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीचं. दोन-तीन आठवडे मूल येत नाही. लांबलचक गृहपाठ कोणी करत नाही, म्हणून वहीच्या कागदावर तीन ओळी लिहून द्या: ध्वनी कोणता, शब्द कोणते पाच, आणि घरातल्या कोणत्या कामाला तो जोडायचा. ‘संध्याकाळी पणत्या लावताना प्रत्येक पणतीला एकदा कंदील म्हणणं’ एवढं नेमकं असलं की होतं, ‘रोज सराव करा’ असं लिहिलं की होत नाही. काम कोण करून घेणार त्याचं नाव त्या कागदावर आईसमोरच लिहा. पुष्कळदा ते आजोबा किंवा मोठी ताई असतात आणि त्यांना ते आवडतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या सत्रात काही शिकवायच्या आधी तेच पाच शब्द आणि घरी न दिलेले दुसरे पाच शब्द मुलाकडून न सुधारता म्हणवून घ्या. दुसऱ्या पाचांत ध्वनी आला असेल तर वाक्यांकडे वळा, नसेल तर शब्दांवरच आणखी एक आठवडा थांबा.